न विचारता लिहिलेली सवय

पहिला तुकडा पडला तो शाळेत, मधल्या सुट्टीत, चपाती आणि मेथीची भाजी खाताना. दाताखाली कचकन काहीतरी आलं. मेथीत खडा राहिला असेल म्हणून मी तो जिभेनं पुढं आणला आणि बोटावर घेतला. पांढरा, नखाच्या टोकाएवढा, एका बाजूनं गुळगुळीत. मग जीभ आपोआप वरच्या दातांवर गेली आणि पुढच्या एका दाताचा कोपरा जागेवर नव्हता. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "खडा." तुकडा रुमालात बांधला आणि डबा संपवला.

मी विज्ञान शिकवते. इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याच्या अलीकडं, एका माध्यमिक शाळेत मला एकोणीस वर्षं झाली. दाताचं वरचं कवच हा माणसाच्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. त्या दिवशी जळोचीला घरी आल्यावर बेसिनसमोर ओठ वर करून पाहिलं, तर माझे पुढचे चार दात कुणीतरी कानशीनं घासल्यासारखे आखूड आणि सपाट झालेले. दाढांवरचे उंचवटे गेलेले, मधोमध पिवळसर खड्डे. हे एका दिवसात झालेलं नव्हतं. मला चव्वेचाळिसावं चालू होतं आणि स्वतःच्या तोंडात मी कितीतरी वर्षांत नीट पाहिलंच नव्हतं. थंड पाण्यानं दात शिवशिवायचे, सकाळी जबडा जड असायचा, कानापाशी दुखायचं. पण वय झालं, दगदग होते, असं म्हणून मी ते सगळं बाजूला सारलं होतं.

बारामतीतल्या एका मोठ्या दवाखान्यात गेले. मोठा म्हणजे काचेचं दार, गार हवा, भिंतीवर हसणाऱ्या गोऱ्या बायका. डॉक्टर पन्नाशीचे, हात चपळ. खुर्चीत टेकायच्या आधी त्यांनी आडनाव विचारलं. मग विचारलं, "गाव?"

"जळोची."

"मूळ गाव हो."

मी लासुर्णे सांगितलं.

"गावात कुठं?"

मी सांगितलं. ते "अच्छा" म्हणाले आणि केस पेपरवर काहीतरी लिहिलं. मी काय काम करते, हे त्यांनी विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं, तेव्हा आरसा माझ्या तोंडात होता, त्यामुळं त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे.

दोन मिनिटांत तपासणी संपली. दात झिजलेत, पुढच्या चार दातांना कॅप बसवायच्या, एवढं म्हणाले. कशानं झिजलेत, हे मी विचारलं. "होतं असं," म्हणाले. मला हे वाक्य पटलं नव्हतं. वर्गात एखाद्या मुलीनं असं उत्तर दिलं असतं तर मी तिला उभं केलं असतं. पण खुर्चीत आडवं पडलं, वरून दिवा डोळ्यांवर आला आणि गळ्याखाली निळा कागद बांधला, की माणसाचं शिक्षण, नोकरी, वय सगळं कुठं जातं कळत नाही. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

चार चांगले-वाईट जसे होते तसे दात त्यांनी कोरून बारीक केले आणि त्यांच्यावर पांढऱ्याशुभ्र कॅप बसवल्या. महिनाभर मी हसताना ओठ मिटायचं सोडून दिलं. पाचव्या आठवड्यात एका सकाळी उठले तर जिभेवर टवका. एक कॅप खालून फुटली होती. आदल्या दिवशी मी वरण-भात खाल्ला होता.

डॉक्टर हसत म्हणाले, "ऊस सोललात काय दातानं? तुमच्या भागात सगळेच सोलतात."

मी म्हणाले, "नाही."

"मग कडक काहीतरी खाल्लं असणार."

त्यांनी नवी बसवली. मी भाकरीचा पापुद्रा सोडला, शेंगदाणे सोडले, कैरी सोडली. अठरा-वीस दिवसांत दुसरी कॅप फुटली, मग पहिलीच पुन्हा फुटली. तिसऱ्या खेपेला ते हसले नाहीत. "तुमच्या दातांनाच धर नाही, मी काय करणार?" असं मदतनीस बाईंसमोर आणि दारात उभ्या असलेल्या दोन माणसांसमोर म्हणाले आणि दोन्ही फुटक्या कॅप तशाच ठेवल्या.

फुटलेल्या कॅपमधून वारा जायचा. 'श्वसन' म्हणताना शिट्टी वाजायची. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं तोंडावर हात धरला. मी तिला काही बोलले नाही, पण त्याच तासाला सगळ्या वर्गाला वह्या नीट नसल्याबद्दल असं झापलं की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. वह्या नीट होत्या.

आमच्या क्रीडाशिक्षकांनी मला इंदापूरच्या एका डॉक्टर बाईंचं नाव सांगितलं. त्यांच्या आईचे दात तिनं केले होते. औषधाच्या दुकानावर दोन खोल्या, बाहेर चार प्लास्टिकच्या खुर्च्या. डॉक्टर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. तिनं मला आधी साध्या खुर्चीत बसवलं आणि माझ्या गालांवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "दात दाबा." मग कानापुढं, कपाळाच्या बाजूला बोटं दाबत गेली. एका जागी मी ओरडलेच.

"सकाळी इथं दुखतं?"

"जड वाटतं."

"झोपेत दात खाता का तुम्ही?"

"नाही."

"झोपलेल्या माणसाला ते कसं कळणार, मॅडम? घरी कुणाला तरी विचारून या. आणि आधीच्या दवाखान्यातले एक्स-रे, केस पेपर जे असेल ते घेऊन या. दात कोरायच्या आधी किती उरले होते ते मला बघायचंय."

अर्धा तास तिनं फक्त पाहिलं, विचारलं आणि लिहिलं. तंबाखू, सुपारी, पित्त, झोपेत घोरणं, चालू असलेल्या गोळ्या, सगळं एकेक करून विचारलं आणि माझं उत्तर ऐकून मगच लिहिलं. तेव्हा त्याचं मला काही विशेष वाटलं नव्हतं.

घरी आले आणि चहा पिताना नवऱ्याला विचारलं, "मी झोपेत दात खाते का हो?"

तो साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. शांत माणूस. कपातून मान वर न करता म्हणाला, "रोजच खातेस."

"रोज?"

"हो. दगडावर दगड घासल्यासारखा आवाज येतो. मला वाटलं तुला माहिती आहे."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून की. सुरुवातीला मी घाबरलो होतो."

मी कप खाली ठेवला. माझा आवाज चढायला लागला होता. "एकवीस वर्षं तुम्ही ऐकताय आणि मला एकदाही सांगितलं नाही?"

"तुला वाईट वाटेल म्हणून. आणि काही लोकांना असते सवय. बाहेरच्या खोलीत झोपायला लागलो मग."

हे ऐकून मी थक्क झाले. हंगामात त्याच्या पाळ्या बदलतात, अवेळी येण्या-जाण्यानं माझी झोप मोडू नये म्हणून तो बाहेरच्या खोलीत झोपतो, असं मी आठ वर्षं सगळ्यांना कौतुकानं सांगत होते. माझ्या जावेला सांगितलं होतं, शाळेतल्या बाईंना सांगितलं होतं. आणि हा माणूस माझ्या दातांपासून पळून बाहेर झोपत होता! माझे दात माझ्याच तोंडात पीठ होत होते, ते त्याला ऐकू येत होतं, आणि त्यानं त्यावर उपाय शोधला तो स्वतःच्या झोपेचा.

मी हे सगळं त्याला बोलले. लग्नानंतर एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदाच. तो म्हणाला, "टेन्शन घेऊ नकोस." त्याच्या समोरची बशी उचलून मी मोरीत टाकली. फुटली नाही. स्टीलची होती.

त्या आठवड्यात मी बारामतीच्या दवाखान्यात कागद मागायला गेले. डॉक्टर आत होते. मदतनीस बाईंनी कपाटातून माझी फाईल काढली, एक्स-रे दिले आणि केस पेपरची झेरॉक्स काढून हातात ठेवली. मी बाहेर आले, स्कूटीवर बसले आणि सहज कागदावर नजर टाकली. वर नाव, वय, गाव. व्यवसायाची जागा कोरी. त्याखाली छापलेला शब्द होता 'सवयी'. त्याच्यापुढं निळ्या शाईत लिहिलं होतं, 'मिश्री, अनेक वर्षे'.

मी ते दोनदा वाचलं. स्कूटीवरून उतरले. पुन्हा बसले.

मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू, कुस्करून बोटानं दातांना आणि हिरड्यांना चोळायची. आमच्या भागात रानात राबणाऱ्या बायका लावायच्या, कितीतरी अजूनही लावतात. मी आयुष्यात एकदाही लावलेली नाही. तंबाखू मी हातातही धरलेली नाही. आमच्या शाळेच्या फाटकाशेजारी तंबाखूविरुद्धची जी पाटी आहे ती मी स्वतः शिडीवर चढून रंगवली आहे. दर वर्षी मुलींना त्यांच्या आयांशी या विषयावर कसं बोलायचं ते मी शिकवते. आणि त्या माणसानं माझं आडनाव ऐकलं, गावातली जागा विचारली, "अच्छा" म्हणाला आणि मला ही सवय लावून मोकळा झाला. दात झिजण्याचं कारण त्याला पहिल्या मिनिटातच सापडलं होतं. म्हणूनच त्याला पुढं काही शोधावंसं वाटलं नाही.

तेव्हाच आत जाऊन बोलायला हवं होतं. नाही गेले. स्कूटी सुरू केली. तशीच घरी आले. त्या रात्री मी दात खाल्ले असणार, नक्कीच. सकाळी तिसरी कॅप फुटलेली होती.

रविवारी आईकडं लासुर्ण्याला गेले. आई सत्तरीच्या पुढची, भावाकडं राहते. गेले तेव्हा बुद्धाच्या फोटोखालच्या कॉटवर बसून लसूण सोलत होती. तिच्या तोंडात आता खालचे चार दात आहेत, वर एकही नाही. तिनं मिश्री लावली, तीस-पस्तीस वर्षं लावली. मी आठवीत होते तेव्हा शाळेत आम्हाला तंबाखूचे तोटे शिकवले. घरी येऊन मी तिची मिश्रीची डबी उचलली आणि तिच्या डोळ्यांसमोर कालव्यात फेकली. वर म्हणाले, "तुझ्या तोंडाचा वास येतो. माझ्या मैत्रिणींसमोर येत जाऊ नकोस." त्यानंतर माझ्या शाळेत ती कधी आली नाही, माझा सत्कार होता तेव्हासुद्धा.

मी तिला केस पेपर दाखवला आणि काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. तिनं लसूण बाजूला ठेवला.

"तुला इचारलं का त्येनं?"

"नाही."

"मग कसं लिवलं?"

"आडनाव बघून लिहिलं. गावात कुठं राहतो ते विचारून लिहिलं."

आई म्हणाली, "मी लावत हुते, ते खरं हाय. दात ठनकायचा, लई ठनकायचा. डाक्टर कुठं हुता तवा? उसाच्या फडात उभं ऱ्हायचं आन् ठनकनारा दात घिऊन दिसभर वाकायचं. मिश्री लावली की वाईच बधिर व्हायचं. भूक बी मरायची. तू डबी फेकलीस त्या दिशी मी राख लावली."

मला तिच्याकडं बघवेना. मी म्हणाले, "मला माहीत नव्हतं."

"तू इचारलं न्हाईस," आई म्हणाली. रागानं नाही, नुसतं सांगितल्यासारखं. मग तिनं तो कागद माझ्या हातातून घेतला आणि उलटा-सुलटा करून पाहिला. तिला वाचता येत नाही. "माजं लिवलं आसतं तर खरं हुतं. तुजं खोटं हाय. जा आन् खोडाय लाव. आन् तुजं दात मिश्रीनं झिजलं न्हाईत. तू ल्हानपनापासनं झोपंत दात खातीस. जंत झालं म्हून तुला वावडिंग उकळून पाजलं, तरी ऱ्हायलं न्हाय."

म्हणजे आईला माहीत होतं. नवऱ्याला माहीत होतं. दवाखान्यातल्या त्या माणसानं एक प्रश्न विचारला असता तर मी घरी विचारलं असतं आणि माझे चार दात उगीच कोरले गेले नसते.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बारामतीला गेले. दवाखाना भरलेला होता. बाकावर सहा-सात माणसं, त्यात गाल सुजलेली, हिरवं लुगडं नेसलेली एक म्हातारी. डॉक्टर हात धुवून बाहेर आले तेव्हा मी उभी राहिले आणि कागद पुढं धरला.

"हे तुम्ही लिहिलंय?"

त्यांनी पाहिलं. "हो. का?"

"मी मिश्री लावते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अहो मॅडम, आत या ना, बसून बोलू."

"इथंच बोलू. तुम्ही माझ्या दातांबद्दल मागच्या वेळी इथंच बोलला होता."

ते आवाज खाली आणून म्हणाले, "ती रूटीन हिस्टरी असते. सगळ्यांना विचारतोच आम्ही."

"मला विचारलंत?"

"विचारलं असणार."

"नाही विचारलं."

तेवढ्यात बाकावरची म्हातारी गालावरचा हात काढून म्हणाली, "मला इचारलं हुतं बया त्येंनी. मी व्हय म्हनलं. लावतीच मी."

कुणीतरी हसलं. मी हसले नाही. त्या बाईंना विचारलं होतं, म्हणजे मलाच वगळलं होतं हे सगळ्यांसमोर ठरलं, याचा मला आनंदच झाला आणि त्याच क्षणी डोकं फिरलं. एकोणीस वर्षं वर्गात सांभाळून बोललेली माझी भाषा कुठल्या कुठं गेली.

"मग मला का न्हाय इचारलं? बोला की! ह्यांना इचारलं, मला का न्हाय? माजं आडनाव ऐकून तुमाला समदं कळलं व्हय? मी काय करते ते इचारलं न्हाय, झोपंत दात खाते का ते इचारलं न्हाय, आन् मिश्री लिवून मोकळं झाला? तीनदा कॅप फुटल्या. तिन्ही टायमाला माजीच चूक. ऊस खाल्ला असंल, कडक खाल्लं असंल, दातालाच धर न्हाय!"

फुटलेल्या तीन कॅपमधून प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजत होती. 'मिश्री' म्हणताना थुंकी उडाली. मला ते कळत होतं आणि मी थांबले नाही. माझ्या रागाचा आवाज हास्यास्पद येत होता, तोही त्याच्याच कामामुळं. याचा आणखी राग येत होता.

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "तुम्ही शिकलेल्या दिसता, असं ओरडणं शोभतं का?"

"शिकलेली दिसते, तर मग व्यवसायाच्या जागी काहीच का लिहिलं नाही?"

मी म्हणाले, मूळ कागद काढा, ते वाक्य खोडा, शेजारी सही करा, तारीख टाका. मगच मी जाईन. ते म्हणाले, जुन्या नोंदी अशा बदलता येत नाहीत. मी म्हणाले, खोटी नोंद बदलता येते, आणि येत नसेल तर 'न विचारता लिहिले' एवढं तिच्यापुढं लिहा. मी बाकावर म्हातारीशेजारी जाऊन बसले. तिनं माझ्यासाठी जरा सरकून जागा केली.

वीस-पंचवीस मिनिटं तशीच गेली. दोन पेशंट आत जाऊन आले. मग मदतनीस बाई फाईल घेऊन आल्या. 'मिश्री, अनेक वर्षे' यावर आडवी रेघ मारलेली होती, बाजूला सही आणि तारीख होती. व्यवसायाच्या जागेत 'शिक्षिका' लिहिलेलं होतं. मी त्याची झेरॉक्स घेतली. दारापर्यंत आले तेव्हा मागून डॉक्टर म्हणाले, "एवढं मनाला लावून घेत जाऊ नका. अशानंच दात झिजतात."

माफी त्यांनी मागितली नाही. मी वळून पाहिलं, पण तोपर्यंत ते आत गेले होते. ते वाक्य मला आजही मध्येच आठवतं, भांडी घासताना, पेपर तपासताना. आधी माणसाला दुखवायचं आणि मग दुखलं म्हणून त्यालाच बोलायचं, हे आपल्याकडं किती सहज चालतं!

इंदापूरच्या डॉक्टरला मी दोन्ही कागद दाखवले. तिनं काही शेरा मारला नाही, फक्त खोडलेली ओळ जरा जास्त वेळ पाहिली. मी तिला विचारलं, "माझे दात रागानं झिजलेत का? खरं सांगा."

"कुणाचे नेमके कशानं झिजतात, हे सांगणं अवघड असतं," ती म्हणाली. "ताण असू शकतो, झोपेचा काही त्रास असू शकतो, घरात आणखी कुणाला असू शकतं. लहानपणापासून खाता म्हणताय, तेव्हा कुठं होता एवढा राग? मला तुमचा राग दुरुस्त करायचा नाही, मॅडम. दात करायचेत."

मला हे बोलणं फार बरं वाटलं. तोवर ज्यानं त्यानं मला प्राणायाम सांगितला होता.

काम सात महिने चाललं. फुटक्या कॅप काढून तिनं आधी तात्पुरत्या बसवल्या. मग तोंडाचं माप घेऊन वरच्या दातांवर बसणारी एक टणक, पारदर्शक पट्टी करून दिली. झोपताना ती घालायची. पहिले चार दिवस तोंडात लाळ भरायची, मळमळायचं. पाचव्या दिवशी चिडून मी ती काढून उशाखाली टाकली आणि सकाळी पुन्हा तो ओळखीचा जडपणा घेऊन उठले. त्यानंतर काढली नाही. दोन महिन्यांनी जबड्याचं दुखणं बरंच उतरलं. मग तिनं झिजलेल्या दाढा दाताच्याच रंगाच्या लेपानं थराथरानं वाढवल्या. प्रत्येक थरावर निळा दिवा धरायची, मग रंगीत कागद चावायला द्यायची, ठसा जिथं गडद उमटेल तिथं जरासं घासायची आणि पुन्हा चावायला लावायची. एका बैठकीत मी तो कागद चाळीस वेळा तरी चावला असेन. वाढवलेल्या दाढांची तोंडाला सवय झाल्यावर शेवटी पुढच्या चार कॅप बसल्या. या पांढऱ्याशुभ्र नव्हत्या. माझ्या बाकीच्या दातांसारख्या किंचित पिवळट होत्या. तिनं आधीच सांगितलं, "उरलेला दात थोडा आहे. पहिल्यांदा जास्त कोरला गेलाय. तो मला परत आणता येणार नाही." जे गेलं ते गेलं, असं मला म्हणता येत नाही. धडधाकट दाताचा तो भाग माझा होता.

आईला मी दोनदा म्हणाले, तुझी कवळी करून घेऊ. पहिल्यांदा ती नको म्हणाली. दुसऱ्यांदा मी आठवीतल्या त्या दिवसाबद्दल तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी मागितलीस न्हवं, मग आता कवळी कशापायी लावतीस मागं?" मी म्हणाले, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. तिला ते पटलं की नाही माहीत नाही, पण एप्रिलमध्ये ती माझ्याबरोबर इंदापूरला आली. कवळी झाली. जेवताना काढून वाटीत ठेवते आणि फोटो काढायचा असला की घालते.

नवरा आता आतल्या खोलीत झोपतो. मीच सांगितलं तसं. आवाज आला तर हलवून उठवायचं, हे त्याचं काम. एकदोनदा त्यानं उठवलं आणि मी झोपेत त्याच्यावरच खेकसले. सकाळी त्यानं तेही सांगितलं. पूर्वी सांगितलं नसतं.

परवा पट्टीला वर्ष झालं म्हणून तपासणीला गेले. डॉक्टरनं माझी पट्टी खिडकीपाशी उजेडात धरली. डाव्या दाढेच्या जागी आरपार खळगा पडला होता.

"म्हणजे मी अजून खाते?"

"खाता. पण आता पट्टी खाता." तिनं नव्या पट्टीसाठी माप घ्यायची तयारी सुरू केली.

"हे थांबेल कधी?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "तोंड उघडा."

मी तोंड उघडलं. गार, गुलाबी गोळा वरच्या दातांवर घट्ट बसला. तो कडक होईपर्यंत तीन मिनिटं मला काही बोलता येणार नव्हतं. मी खिडकीतून खाली बघत बसले. रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्यांनी वाहतूक अडवली होती आणि एक बाई ट्रॅक्टरवाल्याला चांगलंच सुनावत होती.